मूलनिवासी कोण? वादग्रस्त भूमीवरच्या दाव्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ही जमीन मुळात कोणाची?’ असा वाद पेटला की दोन्ही बाजू इतिहासात मागे मागे जात राहतात. आपल्याला सोयीचं शतक सापडलं की तिथे थांबतात. न्यायालयं आणि आंतरराष्ट्रीय संस्था मात्र याहून बरेच वेगळे प्रश्न विचारतात. ते प्रश्न कोणते, पुरावा म्हणून काय चालतं, आणि खरे दावेसुद्धा कुठे अडकतात, हे इथे मांडलं आहे.

मूलनिवासी कोण, याची आंतरराष्ट्रीय कायद्यात व्याख्या आहे का?

नाही, आणि ती जाणूनबुजून केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी मूलनिवासी लोकसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. बाजूने १४४ मतं पडली, विरोधात ४, आणि ११ देश तटस्थ राहिले. जाहीरनाम्यात ४६ कलमं आहेत, पण हे हक्क नेमके कोणाचे हे ठरवणारं एकही नाही. व्याख्या छापली की सरकारं तिच्यावर बोट ठेवून नको असलेल्या गटांना बाहेर काढतील, अशी मूलनिवासी प्रतिनिधींची भीती होती. काही सरकारांची तक्रार उलटी होती: व्याख्याच नसेल तर कोणीही उठून दावा सांगेल. दोन्ही भीती पुढे काही ठिकाणी खऱ्या ठरल्या.

विरोधात मत देणारे चार देश होते ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. २००९ आणि २०१० या दोन वर्षांत चौघांनीही भूमिका बदलून पाठिंबा जाहीर केला.

व्याख्या नाही, तर ठरवतात कशावरून?

प्रत्यक्षात तीन दस्तऐवजांचा आधार घेतला जातो.

पहिला, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८९ चा करार क्रमांक १६९. त्याच्या पहिल्या कलमानुसार परकीयांनी जिंकून घेतलं, वसाहत केली किंवा आजच्या राज्याच्या सीमा आखल्या गेल्या, त्या वेळी तिथे राहणाऱ्यांचे वंशज असलेले आणि स्वतःच्या सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक वा राजकीय संस्था पूर्ण किंवा अंशतः टिकवून असलेले लोक या वर्गात मोडतात. ‘राज्याच्या सीमा आखल्या गेल्या’ हे शब्द वाचताना निसटतात, पण त्यांचं वजन मोठं आहे. समुद्रापारहून कोणी आलंच नाही अशा ठिकाणीही हा करार लागू होतो तो त्यांच्यामुळेच. नॉर्वे-फिनलंडसारख्या देशांच्या उत्तरेकडे राहणाऱ्या सामी लोकांचं उदाहरण घ्या. नॉर्वेजियन लोक काही परखंडातून आलेले नाहीत, तरीही १९९० मध्ये या कराराला सर्वात आधी मान्यता देणारा देश नॉर्वेच होता.

दुसरा, संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक (नेमून दिलेल्या विषयावर अहवाल देणारे तज्ज्ञ) होसे मार्तिनेस कोबो यांनी १९८० च्या दशकात पूर्ण केलेल्या अभ्यासातलं कामचलाऊ वर्णन. आक्रमणापूर्वीच्या समाजाशी ऐतिहासिक सातत्य, स्वतःला वेगळं मानणं, आजच्या समाजात सत्ता हातात नसणं, आणि भूमी व ओळख पुढच्या पिढीकडे सोपवण्याचा निर्धार, या चार गोष्टी त्यात येतात.

तिसरा, संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासीविषयक कार्यगटाच्या अध्यक्ष एरिका-आयरीन डाएस यांचं १९९६ चं टिपण. काळातलं आधीपण, सांस्कृतिक वेगळेपण स्वेच्छेने टिकवणं, स्वतःची आणि इतरांची मान्यता, आणि दडपणूक किंवा जमीन हिरावली जाण्याचा अनुभव असे चार घटक त्यांनी मांडले. प्रत्येक घटक प्रत्येक ठिकाणी सारख्या प्रमाणात सापडलाच पाहिजे असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं.

म्हणजे ‘सगळ्या अटी पूर्ण केल्या तरच पास’ अशी ही परीक्षा नाही. सगळे घटक एकत्र ठेवून तोलायचे असतात.

जो आधी आला तो मूलनिवासी, इतकं साधं का नाही?

कारण ‘आधी’ला तळ नाही. जवळजवळ प्रत्येक भूभागावर कोणाच्या तरी आधी कोणी तरी होतंच. आणि ज्यांच्या हक्कांबद्दल आज कोणालाही शंका नाही असे कितीतरी समूह या एकाच कसोटीवर नापास होतील.

सुरिनाममधले सारामाका लोक पाहा. त्यांचे पूर्वज म्हणजे गुलाम म्हणून जहाजांत भरून आणलेले आफ्रिकी. मळ्यांवरून पळून ते जंगलात शिरले, तिथे त्यांनी स्वतंत्र समाज उभा केला आणि १७६२ मध्ये डच वसाहती सत्तेशी तह करून स्वातंत्र्य मान्य करून घेतलं. पुढे सुरिनाम सरकारने त्यांच्या जंगलात लाकूडतोडीचे आणि खाणीचे परवाने दिले, तेव्हा प्रकरण आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयात गेलं. २८ नोव्हेंबर २००७ च्या निकालात न्यायालयाने आधी मान्य केलं की हे लोक या प्रदेशाचे मूलनिवासी नाहीत. आणि लगेच सांगितलं की त्यांचं जमिनीशी असलेलं नातं, त्यांचे नियम आणि त्यांची सामूहिक जीवनपद्धती मूलनिवासी समूहांसारखीच असल्याने सामूहिक मालकीचं संरक्षणही तेच मिळेल. दावा ‘आधी’वर उभा नसला तरी टिकू शकतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण नाही.

कॅनडातले मेटी लोक तर युरोपीय व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संबंधांतून, म्हणजे संपर्कानंतरच, समाज म्हणून उभे राहिले. तरीही १९८२ च्या राज्यघटनेच्या ३५ व्या कलमात ‘इंडियन’ (म्हणजे तिथले मूळ रहिवासी, भारतीय नव्हे) आणि उत्तर ध्रुवाकडचे इनुइट यांच्या बरोबरीने त्यांचं नाव आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी पोहोचले ते साधारण तेराव्या शतकात, मानवी इतिहासाच्या हिशोबात अगदी अलीकडे. त्यामुळे त्यांचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

आफ्रिकेत ही कसोटी आणखीच डळमळते. युरोपीय वसाहतवाद्यांच्या तुलनेत जवळपास सगळेच आफ्रिकी तिथले मूळचे. म्हणून आफ्रिकी मानवी हक्क आयोगाच्या कार्यगटाने ‘आधी कोण’ हा निकष बाजूला ठेवून वेगळे प्रश्न घेतले: कोणाची जगण्याची पद्धत विशिष्ट जमिनीवर अवलंबून आहे, ती नष्ट व्हायच्या बेतात आहे का, आणि स्वतंत्र झालेल्या देशातही हा समूह परिघावर ढकलला गेला आहे का. केनियातल्या एंडोरोइस लोकांना १९७३ पासून बोगोरिया सरोवराकाठून हलवण्यात आलं. २०१० मध्ये आयोगाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला.

मग एखादी कट-ऑफ तारीख ठरवून वाद मिटवता येत नाही का?

तारीख ठरवावी लागतेच. ती कोण ठरवतं आणि तिच्या अलीकडे-पलीकडे कोण पडतं, यावर सगळं अवलंबून आहे.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या जमिनीच्या दाव्यासाठी १८४६ हे वर्ष धरतात, कारण ब्रिटिश सार्वभौमत्व तेव्हा प्रस्थापित झालं असं न्यायालय मानतं. त्या वर्षी जमीन समूहाच्या ताब्यात होती हे दाखवावं लागतं. शिकारीसारख्या हक्कांसाठी युरोपीयांशी संपर्क येण्याआधीचा काळ धरतात. मेटींसाठी तोच लावला असता तर अन्याय झाला असता, म्हणून २००३ च्या पावली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी ‘त्या भागावर युरोपीयांचा प्रत्यक्ष अंमल बसण्याआधी’ असा वेगळा निकष घेतला. तारीख समूहाच्या इतिहासाला बेतून घेतली, ही त्यातली चांगली गोष्ट.

उलट टोकाला म्यानमार आहे. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने १८२३ पूर्वीपासून स्थायिक असलेल्यांनाच मूळचे वंशगट मानलं. १८२३ का? कारण १८२४ मध्ये पहिलं इंग्रज-बर्मी युद्ध सुरू झालं. सरकारच्या १३५ गटांच्या यादीत रोहिंग्या नाहीत. गंमत नव्हे, शोकांतिका ही की फ्रान्सिस बुकानन या ब्रिटिश वैद्याने १७९९ मध्येच आराकानमध्ये (आजच्या राखाइन प्रांतात) दीर्घकाळ राहणाऱ्या आणि स्वतःला ‘रूइंगा’ म्हणवणाऱ्या मुसलमानांची नोंद केली होती. म्हणजे तारखेआधीचा लेखी उल्लेख असूनही उपयोग झाला नाही, कारण कोणता गट राष्ट्रीय हे ठरवण्याचा अंतिम अधिकार त्याच कायद्याच्या ४ थ्या कलमाने शासनाकडे ठेवला होता. कोणत्याही कट-ऑफ कायद्यात तारखेच्या पुढचं हे कलम आधी शोधावं.

मी स्वतःला मूलनिवासी म्हणतो, एवढं पुरेसं आहे का?

पुरेसं नाही, पण त्याशिवायही चालत नाही. करार १६९ मध्ये आत्म-ओळख हा मूलभूत निकष आहे. जाहीरनाम्याचं ३३ वं कलम सदस्य कोण हे ठरवण्याचा अधिकार समूहाला देतं. त्यामुळे बहुतेक देशांत तीन पायांची कसोटी दिसते: वंश, स्वतःची ओळख आणि समूहाची मान्यता. ऑस्ट्रेलियात, मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क मान्य करणाऱ्या १९९२ च्या माबो निकालात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी हीच मांडली, कॅनडात पावली निकालाने जवळपास हीच घेतली.

खरी अडचण तिसऱ्या पायाशी येते. फिनलंडमध्ये सामी संसदेच्या मतदार यादीत कोण यावं, हे सामी संस्था ठरवत होत्या. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सामी संसदेने नाकारलेल्या ९३ जणांना यादीत घालण्याचा निर्णय दिला, त्यात त्या व्यक्तींच्या स्वतःबद्दलच्या मताला मोठं वजन होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१९ मध्ये सांगितलं की यामुळे सामी लोकांच्या हक्कांचा भंग झाला. यादीत बाहेरून नावं घुसली तर समूहाचा आवाज पातळ होतो, हा तर्क.

पण समूहाची मान्यता हीसुद्धा नेहमी न्याय्य असते असं नाही. अमेरिकेतल्या चेरोकी नेशन या मूलनिवासी राष्ट्रात गुलामगिरी होती. त्या गुलामांच्या वंशजांना, म्हणजे फ्रीडमेनना, १८६६ च्या तहाने सदस्यत्व मिळालं. पुढे संघीय सरकारने केलेल्या डॉज नोंदवह्यांत ‘रक्ताचे’ आणि ‘फ्रीडमेन’ अशा वेगळ्या याद्या झाल्या, आणि २००७ च्या मतदानात या वंशजांना बाहेर काढलं गेलं. २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने त्यांचा हक्क पुन्हा मान्य केला आणि २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने संविधानातले ‘रक्ताने’ हे शब्दच काढून टाकायला सांगितलं. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने कोणाचं नाव कोणत्या वहीत लिहिलं, त्यावर पणतवंडांचं नागरिकत्व लटकलं होतं.

डीएनए चाचणीने सिद्ध होतं का?

सदस्यत्व सिद्ध होत नाही. चाचणी फार तर दूरच्या वंशाची शक्यता सांगते. एखाद्या विशिष्ट समूहाशी नातं, त्याने दिलेली मान्यता, त्याच्या जमिनीवरची वहिवाट यांपैकी काहीही तीत येत नाही. २०१८ मध्ये, आपल्या पूर्वजांत चेरोकी होते असं सांगणाऱ्या अमेरिकी सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी स्वतःच्या चाचणीचा निकाल जाहीर केला, तेव्हा चेरोकी नेशननेच त्यावर हरकत घेतली.

पुरातन अवशेषांच्या बाबतीत मात्र डीएनएने एकदा मोठी चूक दुरुस्त केली. १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला. कवटीच्या ठेवणीवरून तो तिथल्या आजच्या जमातींचा पूर्वज नाही असं म्हटलं गेलं आणि २००४ मध्ये संघीय न्यायालयाने तो जमातींना परत द्यायला नकार दिला. २०१५ मध्ये जनुकीय विश्लेषणातून दिसलं की त्याचं सर्वात जवळचं नातं आजच्या अमेरिकी मूलनिवासींशीच आहे. २०१७ मध्ये जमातींनी त्याचं दफन केलं. कवटीच्या मापांवरून लोकांचं ‘मूळ’ ठरवणं किती कच्चं असतं, ते यात दिसलं.

लेखी कागद नसेल तर कोर्टात पुरावा उभा कसा करतात?

१९९७ पर्यंत कॅनडात हे जवळपास अशक्य होतं. गिटक्सान आणि वेट्सुवेटेन लोकांनी सुमारे ५८,००० चौरस किलोमीटरवर दावा केला. त्यांच्याकडे कागद नव्हते, कुळांच्या अधिकृत मौखिक कथा आणि गीतं होती. खालच्या न्यायालयात त्यांना फारसं वजन मिळालं नाही. ११ डिसेंबर १९९७ च्या डेलगामूक निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मौखिक इतिहासाला कागदाच्या बरोबरीची जागा द्यायलाच हवी, नाहीतर न लिहिणाऱ्या समाजाला दावा करताच येणार नाही.

त्यानंतर कामाची एक पद्धत स्थिरावली आहे. तिचा कणा म्हणजे वापर-नकाशे. १९७० च्या दशकात इनुइट लोकांबरोबर हे काम मोठ्या प्रमाणावर झालं आणि पुढे १९९९ मध्ये कॅनडात नुनावुत हा इनुइटबहुल प्रदेश अस्तित्वात आला त्यामागे त्याचा हातभार होता. पद्धत थोडक्यात अशी:

- प्रत्येक जाणत्या व्यक्तीची मुलाखत एकट्याने घ्यायची. घोळक्यात घेतली तर मोठ्या आवाजाच्या माणसाचं म्हणणं सगळ्यांचं होतं.
- नकाशा साधारण १:५०,००० किंवा १:२,५०,००० प्रमाणाचा. त्यावर त्या व्यक्तीसाठी वेगळा पारदर्शक थर. शिकार, मासेमारी, कंदमुळं, मुक्काम, कबरी, पाणवठे यांना वेगळ्या खुणा.
- प्रत्येक खुणेजवळ तीन नोंदी: कोणत्या काळात, कोणत्या ऋतूत, आणि स्वतः केलं की ऐकलं. ही तिसरी नोंद राहून गेली की उलटतपासणीत पूर्ण नकाशा संशयित ठरतो.
- मग थर एकमेकांवर ठेवायचे. दहा वेगवेगळ्या माणसांच्या खुणा एकाच दरीत पडल्या तर ती दरी आपोआप बोलते.
- शेवटी बाहेरची कागदपत्रं जुळवायची: जुन्या जनगणना, मिशनऱ्यांच्या रोजनिशा, करवसुलीच्या वह्या, सर्वेक्षणातली स्थलनामं, न्यायालयीन नोंदी.

सर्वात मोठी चूक म्हणजे सुरुवातीलाच नकाशावर एक ठसठशीत सीमारेषा काढणं. शेजारच्या समूहाच्या रेषेशी ती आदळते आणि दोन्ही दावे कमकुवत होतात. बहुतेक भूमी ऋतूनुसार वाटून वापरलेली असते. करार १६९ च्या १४ व्या कलमाने फक्त एकट्याच्या ताब्यात नसलेल्या, पण पूर्वापार ये-जा असलेल्या जमिनीचीही दखल घेतली आहे, भटक्या समूहांसाठी विशेषतः. दुसरी चूक गुप्त पवित्र स्थळं सरसकट नकाशात टाकण्याची. एकदा न्यायालयीन कागदपत्रांत गेलेली जागा परत लपवता येत नाही.

या वाटेने चिकाटीने गेलेल्या त्सिलकोटिन नेशनला २०१४ मध्ये १,७०० चौरस किलोमीटरहून जास्त जमिनीवर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाकडून मालकी मिळाली. तिथे मोजमाप ‘जागोजागी सुटी गावं’ असं न लावता नियमित वापराच्या सगळ्या प्रदेशाला लावलं गेलं.

कपडे, भाषा, काम बदललं तर दावा संपतो का?

संपू नये, पण अनेकदा संपवला गेला आहे.

ऑस्ट्रेलियातल्या योर्टा योर्टा लोकांचा दावा पाहा. परंपरागत कायदे आणि चालीरीती ब्रिटिश सत्ता आल्यापासून ‘मोठ्या खंडाशिवाय’ चालू असल्याचं त्यांना दाखवायचं होतं. न्यायाधीशांनी १९९८ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या एडवर्ड कर या मेंढपाळ वसाहतवाल्याच्या लिखाणाला आजच्या वृद्धांच्या साक्षींपेक्षा जास्त वजन दिलं. १८८१ मध्ये या लोकांच्या पूर्वजांनी सरकारकडे शेतीसाठी जमीन मागणारा अर्ज केला होता. तोच अर्ज त्यांनी परंपरा सोडल्याचा पुरावा मानला गेला. उपासमारीत जमीन मागणं म्हणजे ओळख सोडणं, हा अर्थ काढणं आम्हाला सरळ अन्याय वाटतो. २००२ मध्ये हाय कोर्टानेही, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, दावा फेटाळला.

अमेरिकेत मॅशपी वाम्पनोआग लोकांचं असंच झालं. जमीन परत मागण्याच्या त्यांच्या खटल्यात १९७८ मध्ये ज्यूरीने त्यांना आवश्यक तारखांना ‘जमात’ मानलं नाही. २००७ मध्ये संघीय सरकारने त्याच लोकांना जमात म्हणून मान्यता दिली. मधल्या काळात लोक बदलले नव्हते, तपासणाऱ्यांची कसोटी बदलली होती.

जबरदस्तीच्या विस्थापनाबद्दल आंतर-अमेरिकी न्यायालयाची भूमिका अधिक समंजस आहे. पॅराग्वेतल्या सावोयामाक्सा समूहाच्या २००६ च्या निकालात ते म्हणतं की जमिनीशी नातं कोणत्याही रूपात जिवंत असेल तोवर ती परत मागण्याचा हक्कही जिवंत असतो, आणि बळाने अडवल्यामुळे जाता येत नसेल तर ते नातं तुटलं असं म्हणता येत नाही.

दोन्ही बाजू स्वतःला मूलनिवासी म्हणत असतील तर?

इस्रायल-पॅलेस्टाइन वादात हे रोज घडतं. ज्यू बाजू हिब्रू भाषा, धर्मविधींत सतत येणारी भूमी, पुरातत्त्वीय अवशेष आणि जेरुसलेम, साफेद, तिबेरियास, हेब्रॉन इथली शतकानुशतकांची वस्ती पुढे करते. पॅलेस्टिनी बाजू पिढ्यानपिढ्यांची गावं, शेती, बोली आणि १९४८ मध्ये सुमारे ७ लाख लोकांचं विस्थापन. नीट पाहिलं तर दोघांनी वरच्याच याद्यांतले वेगवेगळे घटक उचलले आहेत. एकाने उगम आणि ओळख, दुसऱ्याने अखंड वास्तव्य आणि हिरावलेली जमीन. म्हणून हा वाद पुराव्याने संपत नाही.

लोक विसरतात ते असं की या भूमीवरचे मुख्य कायदेशीर हक्क या शब्दावर उभेच नाहीत. इस्रायलच्या राज्यत्वाचा आधार १९४७ चा १८१ क्रमांकाचा ठराव आणि १९४९ मधलं संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व यांत शोधला जातो. पॅलेस्टिनींचा स्वयंनिर्णयाचा हक्क आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ आणि २०२४ च्या सल्लागार मतांत मान्य केला, तो एक ‘लोकसमूह’ म्हणून. दुसऱ्याचं मूळ खोटं ठरवल्याने यातलं काहीच रद्द होत नाही.

मूलनिवासी कायद्याचा प्रश्न तिथे थेट उभा राहतो तो दक्षिण इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटातल्या बेदुइनांबाबत, म्हणजे तिथल्या पूर्वापार भटक्या अरब पशुपालकांबाबत. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक जेम्स अनाया यांनी २०११ मध्ये त्यांना मूलनिवासी मानलं, इस्रायल सरकार मानत नाही. अल-उक्बी या बेदुइन कुटुंबाच्या दाव्यात १८५८ चा ऑटोमन जमीन कायदा निर्णायक ठरला. त्यात वस्तीच्या टोकाला उभं राहून मोठ्याने मारलेली हाक जिथे ऐकू येत नाही, म्हणजे दीड मैल किंवा अर्ध्या तासाच्या चालीपलीकडची पडीक जमीन ‘मृत’, म्हणून राज्याची. १९२१ मध्ये ब्रिटिशांनी अशी जमीन नोंदवायला दोन महिने दिले. त्या मुदतीत नोंद झाली नाही आणि १८५८ पूर्वीची वस्ती सिद्ध झाली नाही, म्हणून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. तंबूत राहणाऱ्या पशुपालकांकडून पक्क्या वस्तीचा पुरावा मागणारी ही कसोटी होती.

क्रिमियात वेगळं वळण आहे. १ जुलै २०२१ च्या युक्रेनच्या कायद्याने क्रिमियन तातार, कराइम आणि क्रिमचाक यांना मूलनिवासी मानलं. त्यात दोन अटी लक्षणीय आहेत: समूह ‘या भूमीवर घडलेला’ असावा आणि देशाबाहेर त्याचं स्वतःचं राज्य नसावं. पहिली अट शहाणी आहे. तातारांच्या पूर्वजांत अनेक प्रवाह मिसळले, पण समाज म्हणून ते क्रिमियातच आकाराला आले. मे १९४४ मध्ये जवळपास दोन लाख लोकांना मध्य आशियात व इतरत्र हाकललं गेलं, म्हणून ते तिथले उरले नाहीत असं कोणी म्हणू शकत नाही.

बहुसंख्याकांनी ‘आम्हीच भूमिपुत्र’ म्हटलं तर तोही मूलनिवासी हक्क का?

इथे सावध राहावं. कोबोंच्या वर्णनात ‘सत्ता हातात नसणं’ हा घटक उगाच घातलेला नाही. फिजीत ८० टक्क्यांहून अधिक जमीन इतौकेइ (मूळच्या फिजीयन) लोकांच्या सामूहिक मालकीची आहे आणि विकता येत नाही; त्यांच्या जमिनीचं हे संरक्षण योग्यच आहे. पण १८७९ ते १९१६ दरम्यान गिरमिट करारावर आणलेल्या भारतीयांच्या वंशजांना सत्तेबाहेर ठेवण्यासाठी १९८७ च्या लष्करी उठावांत तीच भाषा वापरली गेली, हे वेगळं. पहिल्यात जमीन राखली जाते, दुसऱ्यात शेजाऱ्याचं नागरिकत्व काढलं जातं.

रुआंडात या भाषेची परिणती सर्वांत भयंकर झाली. वसाहती काळात रुजवलेल्या सिद्धांताने तुत्सींना इथिओपियाकडून आलेले परके ठरवलं होतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये एका सभेत त्यांना न्याबारोंगो नदीतून तिकडे परत पाठवण्याची भाषा झाली, आणि १९९४ च्या नरसंहारात त्या नदीतून हजारो प्रेतं वाहिली. ‘तुम्ही इथले नाहीत’ हे वाक्य हक्क मागण्यासाठी वापरलं जातंय की कोणाला हाकलण्यासाठी, हे प्रत्येक वेळी तपासावं.

भारताची भूमिका काय?

भारताने २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं, पण स्वातंत्र्याच्या वेळची सगळी लोकसंख्या आणि तिचे वंशज मूलनिवासीच, अशी पुस्तीही जोडली. श्रम संघटनेचा १९५७ चा जुना करार १०७ भारताने १९५८ मध्ये स्वीकारला, करार १६९ स्वीकारलेला नाही. देशांतर्गत कायदा ‘अनुसूचित जमाती’ या वर्गावर चालतो. घटनेच्या ३४२ व्या कलमाखाली राष्ट्रपतींची अधिसूचना आणि नंतर फक्त संसदेकडून बदल. २०११ मध्ये कैलास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासींना भारताचे मूळ रहिवासी म्हटलं, पण त्यामुळे अनुसूचित यादीत फरक पडला नाही.

मान्यता मिळाली की जमीन मिळते का?

मुळीच गृहीत धरू नये. जपानच्या संसदेने २००८ मध्ये उत्तरेतल्या ऐनू लोकांना मूलनिवासी मानणारा ठराव केला, २०१९ मध्ये कायदा केला. त्यात जमिनीवरचा हक्क नाही. केनियातल्या ओगिएक लोकांनी माऊ जंगलाचा खटला २०१७ मध्ये आफ्रिकी न्यायालयात जिंकला. २०२२ मध्ये १५ कोटी ७८ लाख ५० हजार केनियन शिलिंग भरपाईचा आणि जमिनीच्या सामूहिक मालकीचा आदेश झाला. त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्येही त्या जंगलातून हकालपट्टीची कारवाई झाली. उलट नॉर्वेने २००५ च्या कायद्याने फिनमार्क प्रांताची सुमारे ९५ टक्के जमीन राज्याकडून काढून सामी आणि प्रांतातले इतर रहिवासी मिळून चालवणाऱ्या संस्थेकडे दिली.

म्हणजे बाकीच्यांना घर सोडावं लागेल?

नाही. माबो निकालानंतरही ऑस्ट्रेलियात पूर्ण खासगी मालकीने दिलेल्या जमिनीवरचा मूळ हक्क संपलेलाच मानला जातो. अमेरिकेत २०२० च्या मॅकगर्ट निकालाने पूर्व ओक्लाहोमातलं मस्कोगी आरक्षण कायम असल्याचं सांगितलं. त्याने फौजदारी अधिकारक्षेत्र बदललं, कोणाच्या घराचा दस्त बदलला नाही. जाहीरनाम्याचं ४६ वं कलम राज्याच्या प्रादेशिक अखंडतेला हात लावत नाही.

गाव सोडून दुसरीकडे गेलं तर दर्जा जातो का?

देशागणिक वेगळं उत्तर आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या कॉर्बिएर निकालात आरक्षित भूमीबाहेर राहणाऱ्या सदस्यांना समूहाच्या निवडणुकीत मत नाकारणं भेदभाव ठरवला. भारतात मात्र अनुसूचित जमातीची यादी राज्यनिहाय असते. चहामळ्यांसाठी छोटा नागपूर भागातून आसामात नेलेल्या मुंडा, संथाळ, उरांव लोकांचे वंशज झारखंडात राहिले असते तर अनुसूचित जमातीत मोडले असते. आसामात ते या यादीत नाहीत, आणि तिथली यादी वाढवावी की नाही यावरून आधीच यादीत असलेल्या जमातींशी त्यांचा वाद चालू आहे.